एका किल्लीवर सगळं घर नको



आज आम्ही तुमच्याशी कुलूपकिल्लीबद्दल बोलणार आहोत. घराच्या नाही, कोठीच्याही नाही. गटाचा धंदा वाढला की ऑर्डरी, हिशेब आणि कागदपत्रं मोबाइलवर, संगणकावर जातात, तिथल्या कुलूपकिल्लीबद्दल. विषय ऐकून रेडिओचा आवाज बारीक करू नका. आमच्यातल्या कोणीही संगणकाचं शिक्षण घेतलेलं नाही. आम्ही मसाला कांडणाऱ्या, पापड लाटणाऱ्या आणि बचत गटाच्या वह्या लिहिणाऱ्या बायका. आम्हाला समजलं, ते तुम्हालाही समजेल.

आमचं काम आधी एका गटाचं होतं. फोनवर ऑर्डर यायची, ती वहीत उतरवायची, पाकीट बांधून एसटीनं पाठवायचं. मग ग्रामसंघातले आणखी गट जोडले गेले. आता पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं वेबसाइटवर मसाला मागवतात, पैसे यूपीआयनं येतात. कोणत्या पाकिटात कोणत्या दिवशीचं कांडप आहे, हे बॅच नंबरावरून सांगता यावं लागतं. त्याच्याच जोडीला बचतीचा आणि कर्जाचा हिशेब आहे. सभासदांच्या आधारचे आणि पासबुकांचे फोटो आहेत. हे सगळं आज क्लाउडवर ठेवलं जातं.

क्लाउड म्हणजे इंग्रजीत ढग, पण त्यात आभाळातलं काही नाही. एखाद्या मोठ्या इमारतीत हजारो संगणक मांडलेले असतात. ते रात्रंदिवस चालू असतात. त्यातली थोडी जागा आपण भाड्यानं घेतो आणि इंटरनेटवरून वापरतो. या इमारती फार लांबही नाहीत. मायक्रोसॉफ्टनं २०१५ साली पुण्यात असं केंद्र सुरू केलं. ॲमेझॉननं २०१६ साली मुंबईत केलं, गूगलनं २०१७ साली मुंबईतच केलं.

आता बाजारातला भाड्याचा गाळा डोळ्यांपुढे आणा. छप्पर, भिंती आणि बाहेरचा पहारेकरी मालकाचा. पण आत काय ठेवायचं, किल्ली कोणाला द्यायची आणि रात्री शटर ओढलं की नाही, हे बघायचं आपण. क्लाउडचंही तसंच आहे. कंपनी तिचे संगणक सांभाळते. आपण सभासदांची कागदपत्रं कुठे ठेवली आणि दार कोणाला उघडून दिलं, याचा जबाब कंपनी देत नाही. तो आपल्याला द्यावा लागतो.

धंदा लहान असतो तेव्हा सगळं एकाच खात्यावर चालतं. एक ईमेल, एक पासवर्ड, एक मोबाइल नंबर. त्यावरच वेबसाइट, त्यावरच हिशेब, त्यावरच फोटो. एका खोलीच्या घरात चूल, देवघर आणि अंथरूण शेजारी शेजारी असतं, तसं. त्यातही संसार होतोच. पण माणसं वाढली की आधी पडदा लागतो, मग भिंत लागते.

भिंत कशाला हवी, हे सांगायला आम्ही आपलं कर्जाचं रजिस्टरच उघडतो. त्यात एक रकाना असतो, कर्जाचं कारण. त्यात काय काय लिहिलेलं असतं, हे आपल्याला माहीत आहे. कोणी शेळी घ्यायला कर्ज घेतं, कोणी पोराच्या फीसाठी. पण कोणी पिशवीच्या ऑपरेशनसाठी घेतलेलं असतं, कोणी नवऱ्याची उधारी फेडायला, कोणी सासर सोडून आलेल्या लेकीसाठी. बाई हे दहा जणींपुढे बोलते, कारण बैठकीतलं बोलणं बैठकीतच राहील असा तिचा भरवसा असतो. आता समजा, हाच रकाना ज्या खात्यात आहे, त्याच खात्यावरून पार्सलं बांधणारा मुलगा गिऱ्हाइकांचे पत्ते बघतो. त्याला चोरी करायचीही गरज नाही. एक दिवस चुकून शेजारच्या फायलीवर बोट पडेल, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी कुजबुज सुरू होईल. धंद्यात पैशाचा तोटा झाला तर पुढच्या दिवाळीला भरून काढता येतो. पण आपल्या घरातलं गावभर झालं म्हणून एखादी बाई बैठकीला यायची थांबली, तर तिला परत आणायला वर्षं जातात.

म्हणून आम्ही क्लाउडवरच्या आमच्या घराच्या चार खोल्या केल्या. प्रत्येकीला वेगळं दार, वेगळं कुलूप.

पहिली खोली दुकानाची. यात चालू वेबसाइट, ऑर्डरी आणि गिऱ्हाइकांचे पत्ते. इथे रोज काम चालतं, पण इथली मांडणी कोणी मनाला येईल तेव्हा बदलायची नाही.

दुसरी खोली तालमीची. वेबसाइटवर दिवाळीच्या फराळाचं नवं पान करायचं आहे, भाव बदलायचे आहेत, पैसे घ्यायची नवी सोय लावून बघायची आहे, तर ते आधी इथे करायचं. इथे मोडलं तरी गिऱ्हाइकाला कळत नाही. नीट चाललं की मग तेच दुकानाच्या खोलीत न्यायचं. या खोलीचा एक नियम मात्र कडक आहे. इथे खरं नाव, खरा नंबर, खरा पत्ता ठेवायचा नाही. तालमीची खोली सगळ्यात सैल असते. नवी मुलं तिथे शिकतात, बाहेरचा कारागीर येऊन बघून जातो. म्हणून तिथे सगळी खोटी नावं भरायची.

तिसरी खोली हिशेबाची आणि सभासदांच्या कागदपत्रांची. इथे जायला अगदी मोजक्या जणींना परवानगी. वेबसाइट करून देणाऱ्या कारागिराला इथे काहीच काम नसतं, म्हणून त्याच्याकडे या खोलीची किल्लीही नसते.

चौथी खोली जपणुकीची. पहिल्या आणि तिसऱ्या खोलीतल्या सगळ्याची एक प्रत ठरलेल्या वेळी इथे येऊन पडते. कोणी कोणत्या दिवशी कोणतं दार उघडलं, याची नोंदही इथे जमा होते. या खोलीतलं काहीही एकटीला पुसता येऊ नये, अशी व्यवस्था करून घ्यायची.

आता तुम्ही म्हणाल, एकाच खात्यात चार फोल्डर केले तर काय बिघडलं? फोल्डर म्हणजे पडदा झाला. सगळ्याची किल्ली एकच राहते, आणि ती ज्याच्या हाती लागली, त्याला चारही खोल्या उघड्या. भिंत हवी तर खातीच वेगळी हवीत. मोठ्या कंपन्यांनी ही सोय करून ठेवली आहे. ॲमेझॉनच्या क्लाउडवर एका संस्थेखाली अनेक खाती काढता येतात, बिल एकत्र येतं, आणि या सोयीचे वेगळे पैसे पडत नाहीत. गूगलच्या क्लाउडवर ‘प्रोजेक्ट’ वेगळे करतात, मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरवर ‘सबस्क्रिप्शन’. ही नावं तुम्ही पाठ करू नका. तुमच्या कारागिराला एवढंच सांगा की दुकान, तालीम, हिशेब आणि जपणूक एका खात्यात नको. तो जाणकार असेल तर त्याला लगेच समजेल.

हे सगळं आम्ही भीतीपोटी सांगत नाही. मोठमोठ्या कंपन्यांना जे सोसावं लागलं, ते जगजाहीर आहे.

कोड स्पेसेस नावाची एक परदेशी कंपनी होती. दुसऱ्यांचं संगणकावरचं काम सांभाळून ठेवणं हाच तिचा धंदा. जून २०१४ मध्ये कोणीतरी तिच्या क्लाउडच्या खात्यात शिरलं आणि पैसे मागू लागलं. कंपनीनं पासवर्ड बदलायला घेतले. पण आत शिरलेल्यानं आधीच स्वतःसाठी जादा किल्ल्या करून ठेवल्या होत्या. कंपनी विरोध करते आहे हे बघून त्यानं दिसेल ते पुसायला सुरुवात केली. कामही गेलं आणि कामाच्या प्रतीही गेल्या, कारण प्रतींपर्यंतही त्याच दारातून जाता येत होतं. साधारण बारा तासांत खेळ आटोपला आणि ती कंपनी बंद पडली. तिच्याकडे प्रती नव्हत्या असं नाही. प्रतींची खोली वेगळ्या कुलपाची नव्हती.

दुसरी गोष्ट गिटलॅब या कंपनीची. तारीख ३१ जानेवारी २०१७. तिथे चोर वगैरे कोणी नव्हता. रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या त्यांच्याच एका माणसाला एका संगणकावरचा साठा रिकामा करायचा होता. त्यानं चुकून दुसऱ्या, म्हणजे चालू कामाच्या संगणकावरचा रिकामा केला. मग प्रती शोधायला गेले, तर नेहमी आपोआप निघणाऱ्या प्रती निघतच नव्हत्या असं दिसलं. सुदैवानं सहा तासांपूर्वी एकानं हातानं एक प्रत काढून ठेवली होती, तिनं तारलं. मधल्या सहा तासांतलं काही काम मात्र गेलं ते गेलंच. त्या कंपनीनं हे सगळं लपवलं नाही, जगाला सांगितलं, म्हणून आपल्याला शिकता आलं. यातून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. दुकानाचं पान आणि तालमीचं पान दिसायलाच वेगळं हवं. आमच्या तालमीच्या पानावर वर मोठा भगवा पट्टा आहे आणि त्यावर ‘तालीम’ असं लिहिलेलं आहे. आणि प्रत काढली एवढ्यानं भागत नाही, ती उघडून बघायची. दर तीन महिन्यांनी आम्ही जुन्या प्रतीतून एका गटाचा एक महिन्याचा हिशेब काढतो आणि वहीशी ताडून बघतो.

तिसरी गोष्ट आगीची. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच नावाच्या क्लाउड कंपनीची इमारत जळाली. ज्यांच्या प्रती त्याच आवारात होत्या, त्यांतल्या काहींचं मूळही गेलं आणि प्रतही गेली. म्हणून जाणकार सांगतात, तीन प्रती असाव्यात, त्या दोन तऱ्हेच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यातली एक तरी दुसऱ्या गावी असावी. आपल्या आयांनी बियाणं कसं ठेवलं? थोडं कणगीत, थोडं मडक्यात राख घालून, आणि थोडं माहेरी. हे तेच आहे.

आता किल्ल्यांकडे येऊ. खोल्या करणं सोपं, किल्ल्या सांभाळणं अवघड.

आमच्याकडे ऑर्डरी बघणाऱ्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी हुशार, प्रामाणिक. ती जिल्ह्याबाहेर जाणार, तेव्हा तिची किल्ली बंद करायची, असा विषय बैठकीत निघाला. त्यावर एक मावशी रागावल्या. म्हणाल्या, “म्हणजे आपल्या पोरीवर आपलाच भरवसा नाही का?” सगळ्या गप्प झाल्या. मग ती मुलगीच बोलली, “मावशी, उद्या मी तिकडं असताना इथलं काही हललं, तर पहिलं नाव माझंच निघंल. माझी किल्ली बंद करा, म्हणजे मी निवांत.” मावशींनी मान डोलावली, आणि तो ठराव त्यांनीच मांडला.

बँकेतून गटाचे पैसे काढायला अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या लागतात. त्याला आपण कधी अविश्वास म्हटलं नाही. दोन सह्या असल्या की एकटीवर आळ येत नाही, हे आपल्याला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. क्लाउडच्या किल्ल्यांनाही आम्ही तोच नियम लावला.

सगळ्या खात्यांच्या वर एक मालकीचं मुख्य खातं असतं. ते आम्ही रोजच्या कामाला वापरत नाही. त्याचा पासवर्ड सचिवांकडे, आणि दार उघडताना जो दुसरा आकडा मागितला जातो, तो येतो अध्यक्षांच्या फोनवरच्या ॲपमध्ये. दोघी असल्याशिवाय ते उघडत नाही. फोन हरवला तर वापरायचे राखीव आकडे कागदावर छापून, पाकीट चिकटवून, संस्थेच्या कपाटात पासबुकाशेजारी ठेवले आहेत. मुख्य खात्याचा ईमेल संस्थेचा आहे, मोबाइल नंबरही संस्थेचा. वेबसाइटच्या नावाची नोंदणी दर वर्षी पैसे भरून चालू ठेवावी लागते, तीही संस्थेच्याच नावावर. कारागीर बदलला, कोणी गाव सोडलं, कोणाचा नंबर बंद झाला, तरी घर आपलंच राहतं.

रोजच्या कामासाठी प्रत्येकीची स्वतःची किल्ली, स्वतःच्या नावाची. एकच पासवर्ड पाच जणींनी वापरायचा नाही. मग काय झालं, कोणी केलं, हे कळतच नाही आणि संशय पाचही जणींवर जातो. जिला जेवढं काम, तेवढीच दारं. पॅकिंग बघणारीला ऑर्डर दिसेल, पण कर्जाचं कारण दिसणार नाही. हिशेब तपासणाऱ्यांना हिशेब दिसेल, पण बदलता येणार नाही. काम संपलं की त्याच दिवशी किल्ली बंद. आणि महिन्याच्या बैठकीत बचत, परतफेड आणि लेखे झाले की पाच मिनिटं किल्ल्यांची यादी वाचायची. कोणाकडे कोणती आहे, कोणती आता लागत नाही. कोड स्पेसेसच्या घरात शिरलेल्यानं जादा किल्ल्या केल्या होत्या, हे आठवा. यादीत नसलेली किल्ली दिसली की लगेच विचारायचं.

अजून एक छोटी सोय. क्लाउडचं बिल विजेच्या बिलासारखं वापरावर येतं. कोणी आपल्या किल्लीनं आत शिरून आपल्या नावावर संगणक चालवले, तर बिल आपल्यालाच येतं. प्रत्येक खात्याला महिन्याची रक्कम ठरवून इशारा लावता येतो. त्या रकमेच्या जवळ गेलं की ईमेल येतो. मात्र नुसता इशारा लावल्यानं खर्च थांबत नाही, म्हणून तो ईमेल दोघींना तरी जाईल असं बघा. खाती वेगळी असली की बिल कोणत्या खोलीत वाढलं, हेही लगेच कळतं.

आता ज्या गटांची वेबसाइट नाही, एका मोबाइलवरच सगळं चालतं, त्या मैत्रिणी म्हणतील, आम्ही काय करायचं? तुमच्यासाठीही रस्ता आहे आणि त्याला खर्च नाही. गटासाठी वेगळा जीमेल काढा. अध्यक्षांच्या मुलाच्या जीमेलवर गट चालवू नका. गूगल प्रत्येक खात्याला १५ जीबी जागा फुकट देतं. सभासदांच्या कागदपत्रांसाठी एक खातं आणि ऑर्डरींसाठी दुसरं, असं ठेवलंत तरी मधे भिंत उभी राहिली. फाइल कोणाला दाखवताना नीट बघा. नुसतं बघता येईल की बदलताही येईल, हे आपण ठरवू शकतो. आणि ‘लिंक असलेल्या कोणालाही’ असा पर्याय दिसला की कागदपत्रांसाठी तो निवडायचा नाही. ती लिंक एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून दुसऱ्यावर गेली की फाइल सगळ्या जगाला उघडी. आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवला असेल, तर तो जागेवर ठेवून झाल्यावर फोनमधून काढून टाका. आणि ज्याची गरज नाही, ते कागद मागूच नका. २०२३ साली आपल्या संसदेनं वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. माहिती ज्यांनी गोळा केली, त्यांनीच ती सांभाळायची, हे त्याचं सार आहे.

इतकं करूनही कोणी फसवून पैसे काढले, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

शेवटी, या आठवड्याच्या बैठकीसाठी चार प्रश्न देतो. वहीत लिहून घ्या. आपल्या गटाचं खातं कोणाच्या नंबरावर आणि कोणाच्या ईमेलवर आहे? त्याचा पासवर्ड आज किती जणांना माहीत आहे, आणि त्यातले किती जण अजून गटाचं काम करतात? सभासदांची कागदपत्रं आणि बाहेरच्यांचं काम एकाच दारातून चालतं का? आणि आज रात्री तो मोबाइल पाण्यात पडला, तर उद्या सकाळी आपण कोणाची किती बचत आहे हे सांगू शकू का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं, तर निम्मं काम झालं. नाही आलं, तर पहिल्यांदा एक प्रत काढा आणि दुसऱ्या गावातल्या भरवशाच्या माणसाकडे बंद पाकिटात ठेवा. खोल्या आणि भिंती त्यानंतर घालू.

आमचं बोलणं इथेच थांबवतो.